हजार डोळ्यांचा दर

पांढुर्ण्याहून सौंसरकडे जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये मला हमखास डुलकी लागते. नोकरीची सतरा वर्षं याच रस्त्यावर गेली आणि त्यातली निदान दोन-तीन मी झोपेत काढली असतील. हिवाळ्यात खिडकीची काच धुक्यानं पांढरी होते. बाहेर संत्र्याचे बगीचे आहेत हे फक्त माहीत असतं, दिसत काही नाही. कंडक्टर कोणाला तरी सरकायला सांगत असतो, मागच्या सीटवर कापसाच्या भावावरून वाद चाललेला असतो, आणि ते सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं माझ्यापर्यंत पोचतं. अशा अर्धवट झोपेत मला एक लांबच लांब वाफा दिसतो. वाफ्यात एक बाई एक गुडघा टेकून वाकलेली असते, ओठांत हिरवा डोळा धरून. मी तिला हाक मारते, पण ओठांत डोळा असल्यामुळे ती बोलत नाही, नुसती मान हलवते. मग थांबा येतो आणि कंडक्टर मला उठवतो. एवढ्या वर्षांत त्यालाही माझी सवय झाली आहे.

डोळा म्हणजे झाडाचा डोळा. इकडे कोणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्या माणसाला सांगितलेलं बरं. संत्र्याचं झाड थेट बी पेरून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवतात. जंबेरी म्हणजे आंबटढाण, काटेरी, कणखर लिंबू. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या खोडाची साल चाकूनं अलगद उघडतात आणि आत चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, पानाच्या बगलेत दडलेला कोंब, सालीसकट बसवतात. वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. महिन्याभरात डोळा हिरवा राहिला तर लागला म्हणायचं, काळा पडला तर गेला. लागलेल्या डोळ्यातून पुढं संत्र्याचं अख्खं झाड येतं, आणि खालची जंबेरी फक्त मुळांपुरती उरते. हे काम करणाऱ्याला आम्ही कलम बांधणारा म्हणतो.

मी स्वतः एकही कलम बांधलेलं नाही. मी एका सरकारी रोपवाटिकेत लिपिक आहे. माझा संबंध फायलींशी. पण माझ्या टेबलाच्या खिडकीतून हिरव्या जाळीचं छत दिसतं, आणि दुपारी त्या जाळीतून उतरलेला उजेड वाफ्यांवर असा पसरतो की मोठ्या तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटतं. जंबेरीची पानं खुडली की वास थेट फायलींपर्यंत येतो. त्या वासात मी कितीतरी दुपारी नुसती बाहेर बघत बसले आहे. साहेब म्हणायचे, मॅडम, तुमचं शरीर हजर आहे, तुमची हजेरी लावू की नको? ते चांगले होते, फक्त घाबरट होते. मीही होते, ते पुढं येईलच.

खिडकीतून जी बाई सगळ्यात जास्त दिसायची तिला मी मावशी म्हणायचे. रस्त्यापलीकडच्या गावातल्या बौद्ध वस्तीतली. तेव्हा पन्नाशीची असेल. कलम बांधायला तिला सासऱ्यानं शिकवलं होतं आणि तो म्हातारा भल्याभल्यांच्या बगीच्यांत बोलावणं येणारा माणूस होता. मावशी आमच्याकडे कितीतरी हिवाळे रोजंदारीवर बांधत होती, सोबत तिच्याच हाताखाली तयार झालेल्या चार बायका. तिची एक रीत होती. रोपापाशी गुडघा टेकायची, डाव्या हाताची वीत मातीपासून वर लावायची, त्यावर आणखी दोन बोटं, आणि तिथं छेद. त्याच्या खाली कधी नाही. इतक्या वर बांधायचं म्हणजे साल पातळ, हात हलका लागतो, आणि दर रोपाला उठबस. दिवसाला चारशे-पाचशेच्या वर तिचं काम जायचं नाही.

मी एकदा विचारलं होतं, एवढं वर कशाला?

तिनं ओठांतला डोळा आधी खोडात बसवला, पट्टी गुंडाळली, मग बोलली. "जंबेरीले पानी चालते मॅडम, संत्र्याले नाई चालत. जोड मातीत गेला का झाडाच्या आंगातून डिंक निंघते. चार वर्सं मस्त दिसते झाड, मंग जाते."

आणि दुसरी रीत अशी की काही रोपं ती बांधतच नसे. वाफ्यातून जाता जाता एखाद्या रोपाचा शेंडा ती वाकवून ठेवायची, म्हणजे हे सोडा. मुळाशी वाकडं असेल, पानं वेगळी असतील, तिला काय दिसायचं तिलाच ठाऊक. मला ती सगळी रोपं सारखी दिसायची. खोटं कशाला बोलू, अजूनही सारखीच दिसतात.

मग वरून आदेश आला. रोजंदारी बंद. कलम बांधणी ही सेवा समजायची, आणि सेवा निविदा काढून घ्यायची. त्यात एक नवी गोष्ट होती. सगळ्यात कमी दर एवढंच बघायचं नाही, शंभरातले तीस गुण कामाच्या दर्जाला द्यायचे, सत्तर दराला. दर्जा कसा मोजायचा तो तक्ता रोपवाटिकेनंच करायचा. म्हणजे मी.

मला मनापासून आनंद झाला. इतर बायका अंगणात रांगोळी काढतात, मी रकाने आखते. दोन दिवस मी बसमध्येही झोपले नाही. खिडकीच्या धुक्यावर बोटानं चौकोन काढून बघत होते. अनुभव इतके गुण, साधनसामग्री इतके, आणि सगळ्यात जास्त प्रत्यक्ष चाचणीला. प्रत्येकाला शंभर रोपं द्यायची, महिन्यानं लागलेले डोळे मोजायचे. किती स्वच्छ होतं ते. मला वाटलं, आता मावशीला कोणी हात लावू शकत नाही.

मावशी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. चौघींना घेऊन तिनं बचत गटाच्या नावानं निविदा भरायचं ठरवलं होतं. हे काम गेलं तर चौघींची वाट ठरलेली होती, कोणी कापूस वेचायला, कोणी नागपूरला इमारतीच्या कामावर. ती माझ्या टेबलाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"मॅडम, त्या कागदात वीत लिवा," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, वीत प्रत्येकाची वेगळी, निविदेत वीत नाही बसत. सेंटिमीटर लिहीन.

"ते लिवा. मले त्यातलं समजत नाई, पन वर बांधाचं हाये एवढं लिवा."

मी लिहिलं. मातीपासून किमान वीस सेंटिमीटर. आणि मसुदा साहेबांपुढं ठेवला. साहेबांना निवृत्तीला सहा महिने राहिले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, इकडे इतक्या वर कोन बांधते? मले एक सांगा."

मी म्हटलं, मावशी बांधते.

"तेच म्हनून राहिलो मी. एकाच पार्टीले जमन अशी अट टाकली म्हनतीन लोक. शिकायत झाली तं माझी पेन्शन अटकन, अन् तुमची खुर्ची. टेंडर बाईच्या हाताच्या मापानं शिवलं म्हनतीन."

ते चुकीचं बोलत नव्हते. असं खरंच म्हणतात लोक, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. एखाद्याला काम द्यायचं ठरवून त्याच्या मापाच्या अटी घालणं हा या खात्यांतला जुना धंदा आहे. मी तशी नव्हते, पण मी तशी नाही हे सिद्ध करायची मला फार हौस होती. साहेबांनी मसुदा परत केला, म्हणाले, तुम्हीच पाहा. मी माझ्या टेबलाशी आले आणि त्या ओळीवर रेघ मारली. साहेबांनी नाही मारली. मी मारली, पट्टी लावून, सरळ.

चाचणीच्या दिवशी तिघे आले. एक जवळच्याच खासगी रोपवाटिकेतला, एक ठेकेदार, आणि मावशीचा गट. ठेकेदाराला मी आधीपासून ओळखत होते. तो कार्यालयांना चौकीदार पुरवायचा, झाडूवाले पुरवायचा, आता कलम बांधणारेही पुरवणार होता. माणूस हसतमुख. चाचणीला त्यानं कुठूनतरी दोन पोरगेलेसे गडी आणले होते आणि ते बसल्या बसल्या सरकत, मातीपासून चार बोटांवर, सटासट बांधत गेले. तिथं खोड जाड, साल सुटी, डोळा पटकन बसतो. तासाभरात त्यांचं झालंसुद्धा. मावशीला दुपार झाली. आणि तिनं चौदा रोपांचे शेंडे वाकवून ठेवले.

महिन्यानं आम्ही मोजायला गेलो. सकाळचं धुकं जाळीखाली अडकून राहिलं होतं आणि पट्ट्या सोडताना बोटं गार पडत होती. खासगीवाला दोघांच्याही मागं राहिला. ठेकेदाराचे शंभरातले एक्क्याण्णव हिरवे निघाले. मावशीनं बांधलेल्या शहाऐंशींपैकी ऐंशी. माझ्या तक्त्यात भागायचं होतं शंभरानं. ती न बांधलेली चौदा रोपं माझ्या रकान्यात मेलेली धरली गेली.

मावशी माझ्या खांद्यामागून कागदाकडे पाहत होती. "ते बांधाचे नोयते मॅडम," ती म्हणाली. "त्याइचं झाड खट्टं होते. शेतकऱ्यानं पाच वर्सं पोसाचं अन् मंग समजाचं, हे काहून करावं?"

मला ते कळलं. तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि तरीही मी ऐंशी लिहिले, कारण नमुना छापून गेला होता, सही झाली होती, आणि मध्येच नियम बदलला असता तर पुन्हा तेच, बाईच्या मापानं. दराचे लिफाफे उघडले तेव्हा ठेकेदाराचा हजारी दर मावशीपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी होता. बेरीज मी वाचून दाखवली. आवाज कापला नाही, त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. मावशीनं विचारलं, मंग आमी जाऊ? आणि साहेब म्हणाले, हो, जा.

पण गंमत पुढं झाली. आठवड्याभरात ठेकेदार मावशीच्याच दारात गेला. त्याच्याकडे कलम बांधणारे होतेच कुठं? ते चाचणीचे दोन गडी चाचणीपुरतेच होते. एका सकाळी मी खिडकीतून पाहते तर वाफ्यात त्याच पाचजणी. मला इतकं बरं वाटलं की मी उठून चहा घेऊन गेले. घरी नवऱ्याला सांगितलं, बघ, तेच हात आणि तिसऱ्या हिश्शानं स्वस्त, याला म्हणतात निविदा. आमच्या गच्चीवरून जाम नदीपलीकडे सावरगावचे दिवे लागताना दिसतात. त्या संध्याकाळी मी बराच वेळ ते दिवे बघत उभी होते, खूश होते. आज ते आठवलं की कानशिलं गरम होतात.

पंधरा दिवसांनी नीट पाहिलं. मावशी बसलेली होती. तिला मी कधी बसून बांधताना पाहिलं नव्हतं. बुडाखाली पोतं घेऊन ती ओळीतून सरकत होती आणि चाकू मातीपासून चार बोटांवर चालत होता. एकही शेंडा वाकलेला नव्हता.

मी जाळीखाली गेले. "मावशी, खाली बांधून राहिली तू?"

तिनं डोळा ओठांतून काढला. "हजारावर पैसे हायेत मॅडम. वर बांधलं तं संध्याकाळपर्यंत मजुरी निंघत नाई. थो ठेकेदार म्हनते, कागदावर उंची नाई लिवली, तुमी काहून जीव काढता?"

राग नव्हता तिच्या बोलण्यात. खरंच काही नव्हतं. तिनं डोळा परत ओठांत धरला आणि पुढच्या रोपाकडे सरकली. मी ठेकेदाराला काय सांगणार होते? करारात उंचीची ओळ नव्हती, ती कुणी काढली ते मला ठाऊक होतं. मी आत येऊन महिन्याच्या अहवालात लिहिलं, काम समाधानकारक. लागलेल्या डोळ्यांचं प्रमाण तर खरोखरच छान होतं.

असे पाच हिवाळे गेले. साहेब निवृत्त झाले, पेन्शन अटकली नाही. नवे आले. ठेका दरवर्षी त्याच तक्त्यावर, दर थोडा आणखी खाली. पावसाळ्यात ट्रॅक्टर यायचे, कोवळ्या कलमांच्या पिशव्या भरभरून न्यायचे, आणि ती हिरवी पानं हलत हलत वळणावरून दिसेनाशी व्हायची. ते दृश्य मला इतकं आवडायचं की मी काम सोडून दारात उभी राहायचे. कोणाच्या तरी शेतात ती झाडं मोठी होतायत, फेब्रुवारीत फुलतायत, असं मनाशी घोळवत बसमध्ये झोपायचे. स्वप्नात सगळीकडे पांढरी फुलं असायची आणि वास इतका दाट की श्वास जड व्हायचा.

मग तिगावहून एक अर्ज आला. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, स्टेशनपासून जवळच त्यांची शेती. आमची दीडशे कलमं त्यांनी लावली होती. नव्या साहेबांनी पाहणीला मलाही नेलं, कारण वाटपाचं रजिस्टर माझ्याकडे. बहाराचे दिवस होते. बांधापाशी उतरलो तर वास आला, स्वप्नात येतो अगदी तसा, आणि क्षणभर मला वाटलं की मी बसमध्येच आहे. झाडं फुललेलीही होती. पण पानं पिवळी, फांद्या शेंड्याकडून वाळत चाललेल्या. आजारी झाड जाता जाता फार फुलतं, हे मला काकांनी त्या दिवशी सांगितलं.

ते एका झाडाशी बसले आणि हातानं माती बाजूला करू लागले. घाई नव्हती त्यांना. माती काढता काढता म्हणाले, "मी नोकरीत असताना रोज गाडीतून हे वावर पाहत जायचो. तेव्हाच ठरवलं होतं, इथं संत्रा लावायचा." मग थांबले. मातीच्या खाली, बोटभर खोल, खोडाला जोड होता. त्यातून तांबूस डिंक गळून वाळला होता. हाताला साल सहज सुटून आली. आत काळं होतं.

"मॅडम, जोड मातीत कसा काय गेला?" त्यांनी विचारलं. "मी तर पिशवीएवढीच माती लावली."

नव्या साहेबांनी पाण्याचा निचरा, भारी जमीन असं काहीबाही सांगितलं. चार बोटांवरचा जोड दोन-तीन पावसाळ्यांच्या गाळानंही झाकला जातो, हे मला कळत होतं. दूर इटारसीकडे जाणारी मालगाडी चालली होती, डबे संपता संपेनात, आणि काका डबे संपेपर्यंत हातातली साल धरून तिकडे बघत होते. मला त्यांना सांगायचं होतं की ती ओळ मी खोडली. नाही सांगितलं. परतीच्या रस्त्यावर जीपमध्ये मला झोप आली नाही.

त्यानंतर मी भांडले. माझ्यासारखी बाई भांडते म्हणजे काय करते, टिपणं लिहिते. तिगावचा फोटो जोडून, आणखी चार बगीच्यांची पाहणी जोडून, मी साहेबांना दोनदा आणि त्यांच्या वरच्यांना एकदा लिहिलं. शेवटी नव्या निविदेत दर्जाला साठ गुण आले, दराला चाळीस. उंची किमान वीस सेंटिमीटर. नाकारलेली रोपं मेलेली धरायची नाहीत, उलट नाकारण्याची नजर कशी आहे यालाही गुण. आणि दर्जात साठांपैकी पंचेचाळीस पडले नाहीत तर दराचा लिफाफा उघडायचाच नाही, न उघडता परत करायचा. स्वस्ताईनं पुन्हा मागच्या दारानं आत येऊ नये म्हणून ही शेवटची अट मी मुद्दाम घातली. इतका नेटका तक्ता मी जन्मात केला नव्हता. तो हातात घेऊन मी स्वतः मावशीच्या घरी गेले.

ती दारात तुरीच्या शेंगा सोलत होती. पाच हिवाळ्यांत तिचे केस पांढरे झाले होते. चौघींतल्या दोघी नागपूरला निघून गेल्या होत्या. मी तिला एकेक अट वाचून दाखवली. वीस सेंटिमीटर म्हणजे तुझी वीत, मावशी, मी म्हटलं.

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. "मले भरा लागन ना मंग," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिलं.

चाचणीला ती दोघींना घेऊन आली. धुवट लुगडं, चाकू नवा परजलेला. शेजारच्या वाफ्यात वरूडकडचे दोघे भाऊ होते, खासगी रोपवाटिकांत बांधणारे. मी पट्टी आणि कागद घेऊन उभी राहिले. पोतं तिनं बाजूला फेकलं आणि गुडघा टेकला. माझ्या मनात त्या क्षणी काही शंका नव्हती, खरं सांगते, मी मनातल्या मनात गुण लिहूनही टाकले होते.

तिनं डोळा ओठांत धरला, चाकू उचलला, आणि छेद दिला. मातीपासून चार बोटांवर.

तिनं तो पाहिला. मीही पाहिला. ती दुसऱ्या रोपाकडे गेली, आधी डावी वीत लावली, दोन बोटं मोजली, आणि तिथं चाकू टेकवला. वर खोड बारीक, साल पातळ. हात खालच्या जाड सालीच्या सवयीनं दाबला गेला आणि पातं थेट लाकडात गेलं. तिसऱ्याला साल फाटली. चौथं जमलं. पाचव्याला हात परत खाली. मग तिनं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं आणि तसंच बांधायचा प्रयत्न केला. शेजारचे भाऊ एकमेकांशी बोलत आपल्या ओळीच्या टोकाला पोचले होते.

दुपारपर्यंत तिनं सगळी रोपं संपवली. एकही शेंडा वाकवला नाही. मी विचारलं, मावशी, यात सोडण्यासारखं एकही नव्हतं?

तिनं ओळीकडे मागं वळून बघितलं, बराच वेळ. "असतीन," ती म्हणाली. "पाह्याचं इसरूनच गेली मी. पाच वर्सं पाहूच देल्लं नाई ना वो."

पट्टी लावून मी उंची मोजली. एकेक रोप मोजताना माझ्या मनात येत होतं, दोन बोटं वर लिहायला काय लागतं, कोण येतंय तपासायला. पण काकांच्या हातातली ती काळी साल डोळ्यांपुढून हलेना. मी जे होतं ते लिहिलं. महिन्यानं लागलेले डोळे मोजले, बेरीज केली. मावशीच्या गटाला साठांपैकी एकतीस पडले. भावांना चोपन्न.

ती लिफाफा न्यायला आली तेव्हा मी उठून उभी राहिले. लाखेची मोहर तशीच होती. मी म्हटलं, मावशी, हा उघडला नाही. तिनं लिफाफा उलटासुलटा केला. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही, कार्यालयात सगळ्यांसमोर.

"तुमी कायले रडता मॅडम," ती म्हणाली. "तुमी तं मस्त लिवलं या वक्ताले."

मग तिनं माझ्यासमोरच मोहर फोडली आणि आतला कागद मला दाखवला, मुलाकडून लिहून आणलेला. भावांचा दर काय निघाला ते मला माहीत होतं. तिचा निम्मा होता.

"मांगच्या वेळी दरानं गेलं होतं ना," मावशी म्हणाली. "म्हनून या वेळी सगळ्यायपेक्षा कमी लिवला."